एकाच स्फटिकात दोन ‘गॅप’! चुंबकाने फोडलेलं हे गुपित आणि त्यातला मुंबईचा वाटा

सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याचं दार डोळ्यांसमोर आणा. दारावर पाटी : विक्रेत्यांनी आत येऊ नये, दारासमोर गाडी लावू नये, दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. या पाट्यांवर आजवर किती विनोद झाले, किती फॉरवर्ड फिरले याची मोजदाद नाही.

पण निसर्गातही अशी पाटी लावून बसलेले काही पदार्थ आहेत. त्यांच्या पाटीवर एकच ओळ असते, ‘चुंबकीय क्षेत्राने आत येऊ नये.’

या पदार्थांना सुपरकंडक्टर म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत अतिसंवाहक.

सुपरकंडक्टर म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं की त्यातून वीज अजिबात अडथळ्याशिवाय वाहते. ते खरंच आहे. १९११ मध्ये हॉलंडच्या लायडन शहरात कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला गेला आणि त्याचा विद्युत रोध एकदम नाहीसा झाला. पण सुपरकंडक्टरची दुसरी ओळख कळायला १९३३ साल उजाडलं. जर्मनीत माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांना दिसलं की असा पदार्थ थंड झाला की आत आधीपासून असलेलं चुंबकीय क्षेत्रसुद्धा बाहेर ढकलून देतो. नुसता अडवत नाही, बाहेर काढतो. चुंबकावर तरंगणाऱ्या काळ्या वडीचे जे व्हिडिओ दिसतात, त्यांच्या मुळाशी चुंबकीय क्षेत्र आणि सुपरकंडक्टर यांच्यातली हीच ओढाताण असते.

आता खरा प्रश्न. या वाड्यात एकाऐवजी दोन बिऱ्हाडं राहत असतील आणि त्यातलं एक कडक, दुसरं जरा ढिलं असेल, तर पाटीचं काय होतं?

भौतिकशास्त्रात असे स्फटिक आहेत. त्यांना ‘टू-गॅप’ सुपरकंडक्टर म्हणतात. बाहेरून पाहिलं तर ते इतरांसारखेच दिसतात. रोध शून्य होतो, तोही एकाच तापमानाला. आत दोन बिऱ्हाडं आहेत हे कळतं ते चुंबकीय क्षेत्रात ठेवल्यावर. या कहाणीतलं एक महत्त्वाचं स्फटिक-कुटुंब सापडलं ते सदाशिव पेठेपासून दीडशेएक किलोमीटरवर, मुंबईतल्या कुलाब्याला.

आधी ‘गॅप’ म्हणजे काय ते पाहू

साध्या तारेत इलेक्ट्रॉन एकेकटे धावतात, अणूंच्या थरथरीला धडकतात, त्यांची ऊर्जा वाया जाते आणि तार तापते. सुपरकंडक्टरमध्ये पुरेशा थंडीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात. १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी हे गणितात बसवून दाखवलं. या सगळ्या जोड्या एका तालात चालतात, आणि एखादी जोडी तोडायची तर किमान ठरावीक ऊर्जा मोजावीच लागते. त्याहून कमी ऊर्जेचा धक्का जोडीचं काही बिघडवू शकत नाही. या किमान किमतीला गॅप म्हणतात.

गॅप मोठी म्हणजे जोडी घट्ट. गॅप लहान म्हणजे जोडी सहज तुटणारी. या तिघांच्या सिद्धांतानुसार गॅप आणि सुपरकंडक्टिंग तापमान यांचं एक ठरावीक गुणोत्तर असतं. एक कळलं की दुसरं साधारण सांगता येतं.

पण धातूतले सगळे इलेक्ट्रॉन एका जातीचे नसतात. काही इलेक्ट्रॉन स्फटिकाच्या पातळ थरांमध्ये आडवेच फिरतात, काही सगळ्या दिशांना मोकळे असतात. या गटांना बँड म्हणतात. मग प्रत्येक बँडची गॅप वेगळी का असू नये? हा विचार १९५९ मध्येच कागदावर आला होता. सूल, मथायस आणि वॉकर यांनी अमेरिकेत आणि मोस्कालेंको यांनी सोव्हिएत संघात तो स्वतंत्रपणे मांडला. १९८० मध्ये नायोबियम मिसळलेल्या स्ट्रॉन्शियम टायटॅनेटमध्ये दोन गॅपच्या खुणाही दिसल्या. पण एकंदरीत तो विषय तज्ज्ञांच्या कपाटात पडून राहिला. बहुतेक धातूंमध्ये अशुद्धता आणि आपसातल्या टकरींमुळे दोन्ही गट इतके मिसळतात की शेवटी एक सरासरी गॅपच हाती लागते.

चुंबकीय क्षेत्र आत शिरतं कसं?

पाटीचाही शेवटी एक दम असतो. क्षेत्र फार वाढवलं तर सुपरकंडक्टर हार मानतो. पारा, शिसं अशा काही पदार्थांत ही हार एका झटक्यात होते. पण बरेचसे उपयोगी सुपरकंडक्टर दुसऱ्या प्रकारचे असतात. ते तडजोड करतात.

विसर्जनाच्या रात्री टिळक रोडवर माणूस मावेनासा झाला की गर्दी आतल्या बोळांमधून वाट काढते. वाडे जागेवरच असतात, बोळ तेवढे भरतात. दुसऱ्या प्रकारच्या सुपरकंडक्टरमध्ये चुंबकीय क्षेत्र असंच बारीक बारीक नळ्यांतून आत येतं. प्रत्येक नळीच्या मध्यभागी जोड्या तुटलेल्या असतात आणि भोवती विद्युतप्रवाह गोल फिरत असतो, म्हणून तिला भोवरा म्हणतात. रशियाचे अब्रिकोसोव्ह यांनी १९५७ मध्ये हे सांगितलं आणि त्यासाठी २००३ चं नोबेल पारितोषिक वाटून घेतलं.

गंमत अशी की प्रत्येक भोवऱ्यात मावणारं क्षेत्र ठरलेलं असतं. कमी नाही, जास्त नाही. क्षेत्र वाढवलं की भोवरे जाड होत नाहीत, त्यांची संख्या वाढते. १ टेस्ला क्षेत्रात, म्हणजे हॉस्पिटलमधल्या नेहमीच्या १.५ टेस्लाच्या एमआरआयपेक्षा थोड्या कमी क्षेत्रात, सुपरकंडक्टरच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे ४८ कोटी भोवरे उभे राहतात. शेजारच्या दोन भोवऱ्यांत अंतर उरतं साधारण ५० नॅनोमीटर. हा ५० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भोवऱ्याचा आतला गाभा किती रुंद, हे गॅपवर अवलंबून असतं. जोडी घट्ट असेल तर गाभा अरुंद. जोडी सैल असेल तर गाभा रुंद. क्षेत्र वाढवत गेलं की भोवरे जवळ येतात आणि शेवटी गाभे एकमेकांत मिसळून सगळीकडे तुटलेल्या जोड्याच उरतात. त्या क्षणी सुपरकंडक्टिव्हिटी संपते. या क्षेत्राला वरची क्रांतिक मर्यादा म्हणतात.

आता दोन बिऱ्हाडांच्या वाड्याकडे वळू. घट्ट जोड्यांचं बिऱ्हाड आणि सैल जोड्यांचं बिऱ्हाड, दोघांच्या दृष्टीने भोवऱ्याचा गाभा वेगवेगळ्या रुंदीचा असायला हवा. म्हणजे लहान क्षेत्रातच सैल बिऱ्हाडाचे गाभे एकमेकांना भिडतील आणि ते बिऱ्हाड जवळजवळ शरण जाईल, पण कडक बिऱ्हाड दार लावून उभंच राहील. बाहेरून रोध मोजला तर अजूनही शून्य. आत मात्र अर्धा वाडा गर्दीने भरलेला.

उपमा इथे थोडी लंगडी पडते, तेही सांगायला हवं. ही दोन बिऱ्हाडं वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. दोन्ही गटांतले इलेक्ट्रॉन त्याच अणूंमधून, त्याच जागेत फिरतात. आणि ती एकमेकांना धरून असतात. म्हणूनच तापमान वाढवलं तर सैल गॅप आधी आणि कडक गॅप नंतर असं होत नाही, दोन्ही एकाच तापमानाला मिटतात. कडक बिऱ्हाड ढिल्याला सावरून घेतं. त्यामुळे तापमानाच्या परीक्षेत हे गुपित सहसा फुटत नाही आणि चुंबकाची परीक्षा लागते.

कुलाब्याची गोष्ट

१९८६-८७ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडमधले उच्च तापमानाचे सुपरकंडक्टर सापडले आणि जगातल्या निम्म्या प्रयोगशाळा तिकडे धावल्या. त्या गर्दीतही टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, एक गट शांतपणे दुसऱ्याच पदार्थांवर काम करत होता : दुर्मीळ मृदा धातू, निकेल आणि बोरॉन यांची संयुगं.

या संयुगांचे तुकडे आर्क फर्नेसमध्ये वितळवून बनवतात. विजेच्या ठिणगीने सगळं एकत्र वितळतं, वाटाण्याएवढी चकचकीत गोळी तयार होते, मग ती थंड करून तिचे चुंबकीय आणि विद्युत गुणधर्म मोजायचे. काम कंटाळवाणं वाटेल असंच.

यिट्रियम, चार भाग निकेल आणि एक भाग बोरॉन अशा एका नमुन्यात १२ केल्विनजवळ सुपरकंडक्टिव्हिटीची खूण दिसली. खूण फिकी होती. संपूर्ण नमुना नव्हे, त्यातला थोडासा भागच सुपरकंडक्टिंग होता.

हे ऐकून कुणालाही शंका यावी अशीच परिस्थिती होती. एक तर निकेल. निकेल लोखंडासारखा चुंबकाला चिकटणारा धातू. चुंबकत्व आणि सुपरकंडक्टिव्हिटी यांचं हाडवैर. चांगल्या सुपरकंडक्टरमध्ये एक-दोन टक्के चुंबकीय अणू मिसळले तरी जोड्या तुटतात. त्यात निकेलने भरलेल्या मिश्रधातूत १२ केल्विन म्हणजे फारच वरचं तापमान. दुसरं म्हणजे नमुन्यातला अगदी थोडा भाग सुपरकंडक्टिंग असणं म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी ओळखीच्या अशुद्धतेची करामत असते. अशा खुणा वहीत नोंदवून पुढे जाणारे खूप असतात.

हा गट पुढे गेला नाही. चंदन मझुमदार, आर. नागराजन, एल. सी. गुप्ता, एस. के. धर, आर. विजयराघवन, आयआयटी मुंबईचे बी. डी. पडालिया, फ्रान्सचे सी. गोदार आणि इतर सहकाऱ्यांनी ती खूण १९९३ मध्ये छापली आणि तिचा माग काढणं सुरू ठेवलं. मग त्यात थोडा कार्बन मिसळल्यावर चित्र पालटलं. फिकी खूण ठसठशीत झाली. सुपरकंडक्टिव्हिटी नमुन्याच्या मोठ्या भागात पसरली.

म्हणजे चौथा पाहुणा कार्बन होता आणि त्याच्याशिवाय हे कुटुंब उभंच राहत नव्हतं.

झाकीर हुसेन यांच्यासह या गटाचा शोधनिबंध जानेवारी १९९४ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या बेल लॅबमधल्या रॉबर्ट कावा यांच्या गटाचे निबंध नेचरमध्ये आले. त्यांनी यिट्रियम एक, निकेल दोन, बोरॉन दोन, कार्बन एक असा नेमका पदार्थ वेगळा काढला आणि स्फटिकाची रचनाही दाखवली. पॅलेडियमच्या भावंडात तर २३ केल्विन गाठले गेले, जे साध्या धातुसंयुगांच्या तेव्हाच्या विक्रमाच्या बरोबरीचं होतं.

या शोधाचा उल्लेख होतो तेव्हा दोन्ही निबंध शेजारी शेजारी येतात आणि ते योग्यच आहे. मुंबईने चार मूलद्रव्यांच्या मिश्रणात सुपरकंडक्टिव्हिटी पकडली, बेल लॅबने नेमका स्फटिक हाती दिला. पण समाजमाध्यमांवर ‘भारतीयांचे शोध’ म्हणून जे काही फिरत असतं, त्यात या शोधाचं नाव औषधालाही सापडत नाही. पुष्पक विमान सापडतं.

या कुटुंबाला बोरोकार्बाइड म्हणतात. रचना अशी की यिट्रियम-कार्बनचा एक थर, मग निकेल-बोरॉनचा एक थर, असे एकावर एक रचलेले. इथे निकेल स्वतःचं चुंबकत्व गमावून बसतो, म्हणून जोड्या टिकतात. यिट्रियमच्या भावंडाला सुपरकंडक्टिव्हिटी येते सुमारे १५.५ केल्विनला, ल्युटेशियमच्या भावंडाला साधारण १६.५ ला.

आणि यिट्रियमच्या जागी खरोखरच चुंबकीय अणू घातले तर? तरीही काही भावंडं सुपरकंडक्टिंग राहतात! एर्बियमच्या स्फटिकात साधारण ११ केल्विनखाली सुपरकंडक्टिव्हिटी असते आणि ६ केल्विनखाली चुंबकीय रचनाही, दोन्ही एकत्र नांदतात. होल्मियमच्या स्फटिकाचा तर तमाशाच आहे. ८ केल्विनजवळ तो सुपरकंडक्टर होतो, ५ केल्विनच्या आसपास आतली चुंबकीय रचना बदलत असताना त्याची सुपरकंडक्टिव्हिटी जवळजवळ मोडते, आणि आणखी थंड केलं की ती परत येते. हाडवैर असलेल्या दोन गोष्टी एका छपराखाली कशा राहतात, हे पाहायला जगभरच्या प्रयोगशाळांनी हे स्फटिक मागवले.

वाकडी रेघ

दोन बिऱ्हाडांचा पहिला संशय या कुटुंबात आला तो एका आलेखावरून.

वरची क्रांतिक मर्यादा तापमानाप्रमाणे कशी बदलते याचा आलेख साध्या सुपरकंडक्टरमध्ये ओळखीचा असतो. क्रांतिक तापमानापाशी तो सरळ रेघेत सुरू होतो आणि थंडी वाढेल तसा हळूहळू सपाट होतो. बोरोकार्बाइडच्या चांगल्या, शुद्ध स्फटिकांत मात्र ही रेघ सुरुवातीलाच वरच्या दिशेने वळत होती. एखादा चढ सुरुवातीला सोपा आणि मग अचानक उभा व्हावा तशी.

१९९८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या शुल्गा, ड्रेक्सलर आणि सहकाऱ्यांनी यिट्रियम आणि ल्युटेशियमच्या स्फटिकांवरून दाखवलं की एकाच जातीचे इलेक्ट्रॉन धरले तर ही रेघ जुळत नाही. दोन गट धरा, एक सावकाश आणि घट्ट जोड्यांचा, दुसरा वेगवान आणि सैल, की ती बसते. म्हणजे चुंबकीय मोजमापानेच ‘आत दोघं आहेत’ असं सांगितलं.

त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते तीन वर्षांनी, वेगळ्याच पदार्थामुळे.

जानेवारी २००१ मध्ये जपानच्या जून अकिमित्सू यांच्या गटाने जाहीर केलं की मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला सुपरकंडक्टर होतो. हा पदार्थ १९५० च्या दशकापासून माहीत होता. रसायनांच्या दुकानातून त्याची पावडर विकत मिळत होती. म्हणजे जवळपास अर्धं शतक तो बाटलीत भरून फळीवर पडून होता आणि तो सुपरकंडक्टर आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं!

या पदार्थात दोन गॅप इतक्या स्वच्छ दिसल्या की वाद संपला. मोठी गॅप सुमारे ७ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, लहान साधारण २.३. जुन्या सिद्धांताच्या गुणोत्तराने हिशेब केला तर मोठ्या गॅपच्या एकट्या पदार्थाचं तापमान ४६ केल्विन निघतं आणि लहान गॅपचं फक्त १५. प्रत्यक्षात दोन्ही ३९ लाच मिटतात. लहानीला मोठीने ओढून वर नेलं, आणि त्याची थोडी किंमत स्वतः मोजली.

आता तो ५० चा आकडा आठवा. मॅग्नेशियम डायबोराइडचा स्फटिक थरांना लंब अशा चुंबकीय क्षेत्रात ठेवला तर तो सुमारे ३ टेस्लापर्यंत टिकतो. त्यावरून हिशेब केला तर भोवऱ्याचा गाभा १० नॅनोमीटरच्या आसपास यायला हवा. २००२ मध्ये जिनिव्हा विद्यापीठात एस्किल्डसेन आणि सहकाऱ्यांनी स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने सैल गटाकडून दिसणारा गाभा प्रत्यक्ष पाहिला. तो निघाला सुमारे ५० नॅनोमीटर. पाचपट.

आणि १ टेस्लात दोन भोवऱ्यांतलं अंतरही ५० नॅनोमीटर. म्हणजे स्फटिक ३ टेस्लापर्यंत तग धरतो हे खरं, पण सैल बिऱ्हाडाचे गाभे त्याच्या बरेच आधी एकमेकांवर चढलेले असतात. जिनिव्हाच्या प्रयोगात ०.२ टेस्लाच्या आसपासच सैल गटाची अवस्था जवळजवळ साध्या धातूसारखी झालेली दिसली.

दिशेची भानगड तर आणखी विचित्र. क्षेत्र थरांना समांतर लावलं तर हाच स्फटिक ३ ऐवजी १४ ते १८ टेस्ला झेलतो. साध्या सुपरकंडक्टरमध्ये दिशेनुसारचं हे गुणोत्तर कुठल्याही तापमानाला साधारण तेवढंच राहतं. इथे ते थंडीत पाच-सहा असतं आणि क्रांतिक तापमानापाशी दोनच्या जवळ घसरतं. याउलट, क्षेत्र पृष्ठभागातून किती खोल झिरपतं याचं दिशेनुसारचं गुणोत्तर थंडीत जवळजवळ एक असतं आणि तापमानाबरोबर वाढतं. एकच स्फटिक, दिशेबद्दल दोन प्रश्न, आणि उत्तरं उलटसुलट. एका गॅपने हे समजावताच येत नाही. दोन गॅप धरल्या की सोपं होतं : मोठ्या क्षेत्रात सैल गट बाद झालेला असतो आणि आडव्या थरांत फिरणारा घट्ट गटच मर्यादा ठरवतो. झिरपण्याच्या मोजमापात मात्र दोन्ही गटांना मत असतं.

पुन्हा कुलाबा, २००५

मॅग्नेशियम डायबोराइडमुळे जुन्या बोरोकार्बाइडकडे सगळे नव्या नजरेने पाहू लागले. पण इथे भांडण वेगळं होतं. यिट्रियमच्या स्फटिकात गॅप दिशेनुसार फार बदलते हे दिसत होतं. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं, गॅप एकच आहे, पण तिचा आकार विचित्र आहे, काही ठरावीक दिशांना ती शून्यापर्यंत खचते. इतरांचं म्हणणं, नाही, हे वेगवेगळ्या बँडचे वेगवेगळे आकडे आहेत. नुसती गॅप मोजून निकाल लागत नव्हता, कारण दोन्ही बाजूंची चित्रं सारखीच दिसत होती.

टीआयएफआरमध्ये एस. मुखोपाध्याय, गौतम शीट आणि प्रताप रायचौधुरी यांनी जपानच्या एच. ताकेया यांनी वाढवलेल्या यिट्रियमच्या एकसंध स्फटिकावर प्रयोग केला. पद्धत ऐकायला सोपी आहे. धातूचं बारीक टोक स्फटिकाच्या एका बाजूला हलकेच टेकवायचं, त्यातून प्रवाह सोडायचा आणि त्या दिशेच्या इलेक्ट्रॉनांची गॅप मोजायची. मग दुसऱ्या बाजूला टेकवून तेच करायचं. फरक एवढाच की हे सगळं २.२ केल्विनला आणि चुंबकीय क्षेत्र वाढवत वाढवत करायचं.

स्फटिक त्या तापमानाला सुमारे ६ टेस्लापर्यंत सुपरकंडक्टिंग होता. पण आडव्या दिशेची गॅप क्षेत्राबरोबर सरळ रेघेत घटत गेली आणि ३.२५ टेस्लाच्या आसपास नाहीशी झाली. उभ्या दिशेची गॅप मात्र त्याच क्षेत्रात फारशी हलत नव्हती, तिची खूण फक्त पुसट होत गेली.

म्हणजे अर्ध्या वाटेवर एक बिऱ्हाड खाली झालं होतं आणि वाडा तरीही उभा होता. या निबंधाचा निष्कर्ष असा की स्फटिकाची ही विचित्र गॅप अनेक बँडच्या सुपरकंडक्टिव्हिटीतून येत असावी. भाषा ‘असावी’चीच आहे आणि ती तशीच असायला हवी. भांडण त्या एका निबंधाने संपलं नाही, पण बहुबँड चित्राच्या बाजूने एक भक्कम पुरावा पडला. पुरावा देणारा पुन्हा चुंबकच.

याचा उपयोग काय?

हा प्रश्न येणारच, तर एमआरआयपासून सुरुवात करू. आजच्या बहुतेक एमआरआय यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमच्या तारेचं चुंबक असतं. ही तार ९ केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टर होते, म्हणून तिला द्रव हेलियममध्ये ४.२ केल्विनला बुडवून ठेवावं लागतं. नेहमीच्या यंत्रात हा हेलियम हजार-दीड हजार लिटरच्या घरात असतो. भारत आपला हेलियम जवळजवळ सगळा आयात करतो. जगात कुठे पुरवठा अडला की त्याची झळ इथल्या हॉस्पिटलांना आणि प्रयोगशाळांना बसते.

मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनला सुपरकंडक्टर होत असल्याने त्याची तार २० केल्विनलाही काम करते. त्यासाठी द्रव हेलियमची टाकी लागत नाही, विजेवर चालणारं शीतयंत्र पुरतं. अशा तारेचं ०.५ टेस्लाचं उघड्या रचनेचं एमआरआय यंत्र इटलीत बनलंय. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत महाकाय कण-आदळयंत्राच्या सुधारित आवृत्तीसाठी याच पदार्थाच्या केबल तयार झाल्यात आणि चाचणीत त्यांनी एक लाख अँपिअरहून जास्त प्रवाह वाहून नेला.

पण मग सगळी एमआरआय यंत्रं या तारेची का होत नाहीत? कारणं बरीच आहेत, त्यातलं एक वर येऊन गेलंच : शुद्ध स्फटिक थरांना लंब दिशेला ३ टेस्लातच मान टाकतो, तेही अगदी थंडीत. २० केल्विनला तर मर्यादा आणखी खाली. तारेत स्फटिककण वेड्यावाकड्या दिशांना असतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर दिशेचा त्रास होतोच. म्हणून मोठ्या क्षेत्राच्या यंत्रांत जुनी तारच चालू आहे.

यावर एक उपाय सापडलाय, तो म्हणजे स्फटिक मुद्दाम थोडा अशुद्ध करायचा. बोरॉनच्या काही अणूंच्या जागी दुसरे अणू घातले की इलेक्ट्रॉन जास्त धडपडतात, भोवऱ्यांचे गाभे आक्रसतात आणि क्षेत्र झेलण्याची ताकद वाढते. क्रांतिक तापमान काही अंशांनी उतरतं, पण थंडीत मर्यादा ३० टेस्लाच्या पुढे गेल्याचं मोजमाप आहे. दोन्ही बिऱ्हाडांतले इलेक्ट्रॉन किती धडपडवायचे, हे बऱ्याच अंशी वेगवेगळं ठरवता येतं, आणि एका गॅपच्या पदार्थात ही सोयच नसते. यासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मूलद्रव्य आहे कार्बन.